ज्याच्या हाती त्याचा रोखा

२० जुलै १९४८, मंगळवार

नवी वही. जुन्या अकरा वह्या घराबरोबर गेल्या, त्यानंतर सहा महिने मी एक ओळ लिहिली नाही. आज शाळेतून येताना महाद्वारावर ही घेतली. कारण फार मोठं नाही. वर्तमानपत्रात सरकारी बक्षिसी रोख्यांचे नंबर आले, आणि आमचा पुन्हा लागला नाही, हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

चव्वेचाळीस साली, लढाईच्या दिवसांत, सरकारनं हे रोखे काढले. दहा रुपयांना एक. व्याज एक पैसुद्धा नाही. पाच वर्षांनी दहाचे दहा परत, आणि मधे दर सहा महिन्यांनी सोडत. नंबर लागला तर पाचशे रुपये. मी पोस्टातून पाच काढले. चार माझे, पाचवा आमच्या शाळेतल्या तानाबाईचा. झाडलोट, घंटा, पाणी, सगळं तिच्याकडे असतं. माझ्या हातात दहाची नोट ठेवून म्हणाली होती, "बाई, मला बी एक काढा. माज्याजवळ ऱ्हायली तर नवरा पिऊन टाकंल." नवरा पुढच्याच वर्षी गेला. नोट तेवढी वाचली.

रोख्यावर कुणाचंच नाव नसतं. ज्याच्या हाती त्याचा, असं पोस्टातल्या कारकुनानं तेव्हाच बजावलं होतं. म्हणून पाचही माझ्या ट्रंकेत, एकाच पाकिटात ठेवले. तिचा ओळखायला अडचण नाही. त्या वर्षी चैत्रात ती जोतिबाला जाऊन आली आणि "बगू आमचा कागूद" म्हणून मागून घेतला, तर त्यावर गुलालाचं बोटच ओढलं! मी चांगलीच रागावले होते. सरकारी कागद तो, देव्हाऱ्यातला टाक नव्हे. पाचांतला शेवटचा, चाळीस या आकड्यानं संपणारा.

आता एकच सोडत उरली. जानेवारीत.

१ ऑगस्ट

माई आज पुन्हा जुन्या घराच्या जागी जाऊन बसली होती. धाकट्या भावानं, बंडूनं, जाऊन आणली. तिथं आता चार भिंती आणि एरंड आहे.

जे झालं ते एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहायला नको. महात्माजींच्या खुनाची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. मारेकरी आमच्या जातीचा, म्हणून गावातली आमच्या जातीची घरं पेटवत माणसं आमच्या गल्लीत शिरली. बंडू छापखान्यात होता. घरात मी आणि माई. माईचा पाय तेव्हा मोडलेला. मागच्या दारानं तानाबाई आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. माईला पाठुंगळी घेतलं, मला म्हणाली, "ट्रंक उचला, बाकीचं ऱ्हाऊ द्या." मंगळवार पेठेत तिची एक खोली आहे, तिथं आम्ही चार दिवस होतो. दुसऱ्या दिवशी माणसं तिच्याही दारात आली. ही उंबऱ्यात उभी राहून कडाडली, "हितं कोन न्हाय! माजी सासू हाय, पटकी झालीया तिला. या, बगा आत येऊन!" कुणी आत आलं नाही. घोंगडीखाली माई रामरक्षा पुटपुटत होती आणि मी तिच्या तोंडावर हात धरला होता.

ज्या ट्रंकेत हे रोखे आहेत ती तीच.

आता शुक्रवार पेठेत दोन खोल्या भाड्यानं. बंडूचा छापखानाही जळाला, तेव्हापासून तो घरीच आहे. सव्वीस वर्षांचा माणूस दिवसभर खिडकीत बसतो. माझ्या एकावन्न रुपयांत तिघं.

१२ सप्टेंबर

तानाबाई ओल्या शेंगा घेऊन आली. माईनं तिला दारातच बसवलं. पाणी मागितलं तर वेगळ्या काढलेल्या पितळी पेल्यातून दिलं आणि ती गेल्यावर पेला राखेनं घासून उन्हात ठेवला.

मी म्हटलं, "माई, चार दिवस तिच्याच घागरीतलं प्यालीस."

"तेव्हा आपद्धर्म होता," माई म्हणाली. "आणि पेटवणारे कोण होते गं? तिच्यातलेच ना?"

तानाबाईला यातलं काही कळलं नसावं. जाताना नेहमीसारखं विचारलं, "आमचा कागूद हाय न्हवं जाग्यावर?" पाचशे लागले तर म्हैस घेणार आहे. गंगावेशीत सकाळी धारोष्ण दूध विकणारी तिची एक नातलग आहे, तिच्या शेजारी उभी राहणार. कुठली म्हैस, किती वेताची, रंग कसा, सगळं ठरलेलं आहे. मला हसू आलं. दहा रुपयांवर एवढं मोठं जनावर बांधायचं!

माझ्या चार रोख्यांवर मीही काही कमी बांधलेलं नाही, हे खरं.

३० ऑक्टोबर

बंडूचा पुण्याचा मित्र टंकलेखनाचा वर्ग काढतोय. चारशे रुपये घातले तर निम्मी भागी. बंडू रात्री जेवला नाही. "आक्का, या गावात आता आपलं काय आहे?" एवढंच म्हणाला. मी दोन जणींकडे शब्द टाकून पाहिला. जळलेल्या घराच्या माणसांना कुणी कर्ज देत नाही. तारण काय देणार, एरंड?

मला नवव्या वर्षी लग्न करून दिलं आणि अकराव्या वर्षी परत आणलं. त्यानंतर माईला बंडू झाला. त्याला मीच वाढवला. दुसरं काही मला कधी मिळालंच नाही, त्यामुळे त्याचं काही चुकलं की माझंच चुकल्यासारखं वाटतं.

१८ नोव्हेंबर

तानाबाईला कमी दिसायला लागलंय. काल तिनं पाण्याची कळशी पिंपाच्या बाहेरच ओतली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, सर्वांसमोर बोलल्या. नंतर ती माझ्याकडे आली. "बाई, तेवढं त्येंस्नी सांगा की. घंटा तर मी आंधळी झालो तरी दीन."

सांगते म्हटलं. अजून सांगितलेलं नाही. मोठ्या बाईंचा चेहरा बघून धीर होत नाही.

२२ जानेवारी १९४९, शनिवार

नंबर लागला.

चाळीस या आकड्यानं संपणारा. तीनदा ताडून पाहिला. शिक्षिकांच्या खोलीत होते, पेपर घडी करून पोलक्यात घातला आणि डोकं दुखतंय सांगून घरी आले. वाटेत तानाबाई फाटकाशी भेटली. "बाई, बरं न्हाय व्हय?" तिला काही बोलले नाही. आधी घरी नीट बघावं म्हटलं.

पाकीट उघडलं. पाचही कागद एकमेकांना चिकटलेले. धुराचा वास अजून आहे. रंग म्हणावा तर थोडाफार सगळ्यांनाच लागला आहे. पाच वर्षं एकत्र ठेवल्यावर लागणारच. कुठला कुणाचा, हे मी जुन्या वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही जळाली.

२३ जानेवारी

काल घाईत लिहिलं. आज शांतपणे विचार करते. पाच रोख्यांपैकी चार माझे. म्हणजे तो माझा असण्याचा संभव पाचात चार. पाचवीच्या मुलींना मी हेच गणित शिकवते.

ही वही मागे चाळण्यात अर्थ नाही. जुलैत काय लिहिलं ते आठवणीवरूनच लिहिलेलं होतं, आणि आठवण चुकते.

बंडूला सांगितलं. सांगायला नको होतं का? तो उठून उभाच राहिला. किती महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर रक्त दिसलं.

"त्यात एक तानाबाईचा आहे," मी म्हटलं.

"हा तिचा आहे?"

"नक्की सांगता येत नाही."

"मग झालं तर. नाव कुठं आहे त्यावर? ज्याच्या हाती त्याचा, तूच सांगायचीस ना?" मग आवाज खाली आणून, "आक्का, देवानं एकदा दार उघडलंय. लोटून घेऊ नकोस."

माईनं देवापुढे साखर ठेवली. "त्यांनी नेलं, देवानं परत दिलं," म्हणाली.

तानाबाईनं काहीच नेलं नाही, असं म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं. माई रडत होती, म्हणून बोलले नाही.

२५ जानेवारी

बंडू परवा मुंबईला जाणार, तिथल्या कचेरीत रोखा दाखवावा लागतो. कागदाच्या कडेला डाग होता. कारकून लोक हरकती काढतात, म्हणून शिळ्या भाकरीच्या तुकड्यानं हळूहळू घासून काढला. पुष्कळ वेळ लागला. भाकरी गुलाबी झाली ती मोरीत टाकली.

२ फेब्रुवारी

आज तानाबाईला दहा रुपये दिले.

मुदत संपली हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. मधल्या सुट्टीत वर्गात आली, दाराशी चपला काढून, देवळात येतात तशी. मी नोट तयार ठेवलीच होती.

"न्हाय लागलं व्हय, बाई?"

"तुझ्या रोख्याला नाही."

"आन तुमच्या?"

मी म्हटलं, "सरकारचं काही खरं नसतं गं."

 तिनं नोट कपाळाला लावली. "जाऊ द्या की. नशिबात म्हस न्हवती. धा रुपयं तर ऱ्हायलं शाबूत. त्या गडबडीत तुमच्या घरचं सगळं गेलं, आन माजं धा ऱ्हायलं. दुसरं कोन आसतं तर म्हनलं आसतं, जळलं."

मी पाकिटातून आणखी पाच रुपये काढले. "हे ठेव. सणाला लुगडं घे."

"हे कशापायी?"

"असंच."

"नगं बाई. माजं धाच हुतं."

तिनं पाचाची नोट माझ्या टेबलावर शाईच्या दौतीखाली ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून. घंटा द्यायची वेळ झाली होती, भिंतीला हात लावत गेली.

मला तिचा राग आला. पाच रुपये घेतले असते तर काय बिघडलं असतं? गरिबांनाही एक ताठा असतो, आणि त्याचा त्रास दुसऱ्यालाच होतो.

१ मार्च

आजपासून कोल्हापूर संस्थान मुंबई इलाख्यात गेलं. भवानी मंडपात गर्दी, शाळेला सुट्टी. कुणी पेढे वाटले, कुणी डोळे पुसले. आमच्या घरात दुसराच उत्सव होता. बंडू मुंबईहून पैसे घेऊन आला. शंभराच्या पाच नोटा मी प्रथमच पाहिल्या. चार त्याला दिल्या. पाचवी ट्रंकेत ठेवली, अडीअडचणीला.

तो परवा पुण्याला जाणार. माझ्या पाया पडला. "आक्का, हे मी विसरणार नाही."

१४ एप्रिल

तानाबाईला कामावरून कमी केलं. काल तिनं घंटा दहा मिनिटं आधी दिली. घड्याळाचे काटे दिसत नाहीत, अंदाजानं देते. मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून विचारलं, "कालिंदीबाई, तुम्ही तिला ओळखता. वर्षभर ठेवावी का? पाणी भरायला वगैरे?"

मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

खरं म्हणजे ठेवा म्हणणार होते. पण ती रोज समोर असते, रोज हसते. तिच्या समोरून वर्गात जायचं म्हणजे मला आताशा मागच्या जिन्यानं जावं लागतं. तिच्याही डोळ्यांना विश्रांती हवीच. भाऊ आहे हातकणंगल्याकडे, तिथं राहील. गावाकडे बरं असतं.

निरोप घ्यायला आली तेव्हा मी तपासणीच्या वह्या घेऊन बसले होते. "बाई, येतो मी. कायबी चुकलं माकलं आसंल तर पोटात घाला."

मान वर न करता "बरं" म्हटलं.

९ ऑगस्ट

बंडूचं पत्र. वर्ग चांगला चाललाय. सहा यंत्रं झाली. पत्र चार ओळींचं आहे.

३ मे १९५०

बंडूचं लग्न पुण्यात झालं. मुलगी मॅट्रिक आहे, नाव सरोजिनी. मी शाळेच्या परीक्षा सोडून गेले. सगळ्या लग्नघरात मी विधवा म्हणून मागे बसले होते, त्यात नवीन काही नाही. नवीन एवढंच की बंडूनं एकदाही पुढे बोलावलं नाही. वधूपक्षाच्या कुणीतरी विचारलं, भागीसाठी पैसे कुठून उभे केलेत? तो म्हणाला, "मीच जमवले, कष्टानं."

मी काही बोलायचा प्रश्नच नव्हता. काय बोलणार होते?

१६ जून

माईला बंडू घेऊन गेला. दोनच खोल्या आहेत, तिथं तिघांची सोय होते. मला म्हणाला, "आक्का, तू नोकरी सोडू नकोस. पेन्शन जाईल." माई जाताना टांग्यात बसल्यावर मला म्हणाली, "तानाबाईची काही खबर आहे का गं?"

मी म्हटलं, "का?"

"सहज. रात्री झोप येत नाही, तेव्हा ती घोंगडी आठवते."

टांगा गेला. आज स्वयंपाक केला नाही. एकटीसाठी चूल कशाला?

७ जानेवारी १९५१

बाजारात मंगळवार पेठेतली चिमणाबाई भेटली, तानाबाईची पूर्वीची शेजारीण. तानाबाईला आता फक्त उजेड-अंधार कळतो म्हणे. मिरजेला डोळा कापून घ्यायला सांगितलाय, पण भावाचाही संसार आहे. "तुमची लई आठवन काढती," म्हणाली.

ट्रंकेत शंभराची नोट आहे. अडीअडचणीलाच ठेवली होती. मदत म्हणून द्यायला हरकत नाही. एवढी वर्षं तिनं शाळेत माझी कामं केली. मदत आपण कुणालाही करतो.

१४ जानेवारी, रविवार

आजच सगळं लिहून ठेवते, उद्या लिहवणार नाही.

सकाळच्या गाडीनं हातकणंगल्याला उतरले. तिथून दीड कोस चालत. वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं, तानाबाई, हे डोळ्यासाठी. एवढंच बोलायचं. तिनं विचारलंच, कशापायी, तर पुढचं बोलायचं. पुढचंही मनात जुळवलं होतं. पहिलं वाक्य तेवढं सापडत नव्हतं.

तिचा भाऊ पिराजी अंगणात कडबा रचत होता. "या पावणं, बसा की! कोन म्हनायचं?" मी नाव सांगायच्या आत ओसरीवरून आवाज आला, "आरं, आमच्या बाई हायती त्या! चालीवरनं वळाकलं न्हवं का!"

तानाबाई भिंत धरून आली. केस सगळे पांढरे झालेत. माझा हात चाचपून धरला आणि सोडेना. "माई कशा हायती? पाय दुकतो का आजून? बंडूदादाचं लगीन झालं व्हय? लई झ्याक झालं!" मला ओसरीवर बसवलं, भावजयीला चहा टाकायला लावला. दारात बायका जमल्या, गावात कुणी परकं आलं की जमतात तशा. ती त्यांना मोठ्यानं सांगायला लागली.

"ह्या त्या बाई! मी सांगत हुतो न्हवं? घर जळलं, दार जळलं, भांडं ऱ्हायलं न्हाई ह्येंच्या घरात. पन माजा धा रुपयांचा कागूद तेवढा जपला. पाच वरसांनी धा रुपयं हातावर ठिवलं. वर पाच देत हुत्या, मीच घेतलं न्हाईत. आशी मानसं आता ऱ्हायली न्हाईत बगा."

मी म्हटलं, "तानाबाई, ट्रंक तूच..."

"मी काय केलं? वज्जं उचललं. जपलं तुमी."

पिशवीत हात घालून मी नोट धरून ठेवली होती. बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मोठ्या आदरानं. आता नोट काढली तर, कशापायी, असं ती सर्वांसमोर विचारणार. आणि सर्वांसमोर मला ते सांगता येणार नव्हतं. त्या गेल्या की देऊ म्हटलं.

त्या गेल्या, पण परत आल्या. पहिली धोंडुबाई, पिराजीची चुलती, कनवटीला गाठ मारून. ती माझ्यापुढे सोडली, बारा रुपये, त्यात चिल्लरच जास्त. "बाई, आमचं बी पोस्टात घाला की. तुमच्याकडं दिल्यालं जात न्हाई म्हनती आमची तानू. हितं ठिवलं तर पोरं काडत्यात." तिच्या मागून बयाबाई, तिच्या मागून आणखी पाच जणी. कुणाचे पाच, कुणाचे दहा. एकीनं कोंबड्या विकलेले सात.

"द्या गं, द्या," तानाबाई म्हणत होती. तिचं तोंड माझ्या जरा बाजूला वळलेलं होतं, मी जिथं नव्हते तिकडे बघून ती हसत होती. "ह्या बाई म्हंजे ब्यांकच हाय."

मी कागद मागितला. सातही जणींची नावं लिहून घेतली, पुढे रकमा. अक्षर चांगलं आलं नाही. कुणाला वाचता येत नव्हतं.

नंतर पिराजी बैलगाडी जुंपून स्टेशनावर सोडायला आला. गाडीत तानाबाईचा विषय मीच काढला. डोळ्याचं काय करणार? "बगू," म्हणाला, "सुगी झाल्यावर. म्हातारी म्हनती, आता काय बगायचं ऱ्हायलंय?" त्या वेळी नोट त्याच्या हातात देता आली असती. रस्त्यावर तिसरं कुणी नव्हतं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज होत होता.  स्टेशन आलं.

जाताना माझ्याजवळ शंभर रुपये होते, येताना एकशे एकोणसाठ. ते आता माझ्यासमोर आहेत, दोन वेगळ्या ढिगांत. उद्या शाळा सुटल्यावर पोस्टात जायला हवं.

मी घेतले नसते तरी चाललं असतं. पण का घेत नाही, असं तिनं विचारलं असतं.